सातवं पाणी

"मॅडम, हिच्या हातांचा वास घ्या," साहेब म्हणाले.

जनाबाईंनी दोन्ही हात पुढे धरले होते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून त्या आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यात पावडर धुवायला येत. वयाने माझ्या आईएवढ्या. सगळे कामगार बघत उभे होते.

मी वाकले. वास घेतला. कपडे धुण्याच्या साबणाचा वास होता.

"मासळीचं मीठ पावडरीत उतरलं. म्हणून ठाण्याच्या गिऱ्हाइकाकडे लेप सुटला," साहेब म्हणाले. "उद्यापासून येऊ नकोस."

जनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमाला म्हायती हाय ना? सांगा ना."

मी हातातल्या चाचणीच्या वहीकडे बघत राहिले.

नातवंडांनो, ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी एमएस्सी झालेली, तिथली एकुलती एक केमिस्ट. झिर्कोनियम धातूच्या क्षाराच्या द्रावणात आम्ही अमोनिया ओतायचो. पांढरा साका तळाशी बसायचा. तो धुऊन, वाळवून, भाजून पावडर व्हायची. ती बंदुकीसारख्या यंत्राच्या ज्वाळेत वितळवून लोखंडी भागांवर फवारायची, म्हणजे लोखंड उष्णता सोसतं. साक्यात क्षार उरला, तर पावडरीच्या गुठळ्या होतात आणि लेपाचे पापुद्रे निघतात. म्हणून प्रत्येक धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पाणी पांढुरकं झालं, म्हणजे क्षार, म्हणजेच मीठ, उरलंय; पुन्हा धुवायचं. हे काम माझं.

लेप सुटलेली ती पावडर धुताना, सहाव्या पाण्यानंतर जनाबाई म्हणाल्या होत्या, "बाई, ह्यो अजून झटक्यान खाली बसतोय. मीठ हाय त्यात. आनखी एक पानी देऊ?"

त्यांचं बरोबर होतं. क्षार निघून गेला की साका सावकाश बसतो.

"मला शिकवू नका," मी म्हणाले. ठाण्याचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. थेंब न टाकताच मी वहीत 'स्वच्छ' लिहिलं. सही केली.

साहेबांनी त्यांना काढल्यावर दोन दिवस मी नेहमीसारखी कामावर गेले. तिसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. त्या सुकट निवडत होत्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मना काय सांगता? मना म्हायतीच व्हता. तिथं बोलाचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात, सगळे जमल्यावर, मी माझे हात डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुतले आणि त्यात थेंब टाकला. पाणी पांढुरकं झालं. घामाचं मीठ. ते प्रत्येकाच्या हाताला असतं.

"साहेब, आता तुमचे हात."

त्यांनी हात खिशात घातले. "एका कोळणीसाठी नोकरी घालवाल, मॅडम?"

मी वही उघडली. 'स्वच्छ' खोडलं. शेजारी लिहिलं: चाचणी केली नव्हती. दोष माझा. ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

नोकरी गेली. जनाबाईंना कुणी परत बोलावलं नाही. माझ्या बोलण्याने त्यांना काहीच मिळालं नाही. मी मात्र घरी सांगितलं की मुलांसाठी नोकरी सोडली. तुमची आई आजही तेच कौतुकाने सांगते.

ते खोटं आहे. हे लिहिलेलं आधी तिला वाचून दाखवा. यापुढे 'आजी फार सरळ' असं कुणी म्हणालं, तर मी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, जनाबाईंचं नाव घेईन आणि मी काय केलं ते सांगेन. मग पंगत चालू असो, नाहीतर कुणाचं लग्न.