पंपाला गोडं पाणी

अकोल्याच्या आमच्या तेलगिरणीत पंपांचं काम गुलफाम मिस्त्री बघतात. मी वजनकाट्यावर बसते. तोंडाने फटकळ, म्हणून माझ्या वाटेला कुणी जात नाही. मिस्त्रींच्या मात्र सगळे जातात, कारण ते उलटून बोलतच नाहीत. मला त्याचाच राग येतो.

बॉयलरला कढत पाणी पोचवणारा पंप सारखा सील खायचा. सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती एकमेकींवर घासणाऱ्या दोन कड्या. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर लागतो. पाणी फार तापलं की तिथेच त्याची वाफ होते, कड्या कोरड्या घासतात आणि तडकतात. मागच्या वेळी तडकल्या, तेव्हा कढत पाण्याची चिळकांडी बॉयलरवाल्या पुंजारामच्या कानाजवळून गेली.

मिस्त्रींनी सीलभोवतीचं थंड पाण्याचं कवच उघडलं. आत बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा जाड थर! खारपाणपट्ट्यात दुसरं काय निघणार? त्यांनी तो खरवडला आणि जुन्या ट्रॅक्टरचं रेडिएटर जोडलं. आता कवचातलं तेच पाणी थंड होऊन फिरत राहणार होतं. फक्त सुरुवातीला पिंपभर गोडं पाणी हवं होतं.

नेमका त्या दिवशी पिण्याच्या पाण्याचा टँकर अर्धाच आला. लोक पाणी नेतात म्हणून बॉयलरच्या गोड्या पाण्याच्या टाकीला कुलूप, आणि किल्ली घेऊन मालक अमरावतीला. गिरणी तर दुपारी सुरू करायचीच होती. मिस्त्रींनी पिण्याच्या पाण्याला हात घातला, तसा किशोर हमाल भडकला.

"तुमचं काय जाते मिस्त्री? तुमचा रोजा हाय. तहान आमाले लागते!"

मिस्त्रींचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाले, "पंपापाशी पुंजाराम उभा रायते, भाऊ."

मग मीच किशोरवर तोंडसुख घेतलं. पिंप भरलं. मिस्त्रींनी सीलमधली कोंडलेली हवा सोडली, मगच बटन दाबलं. पंप दुपारभर निमूट चालला. पुंजाराम पहिल्यांदाच त्याच्या शेजारी निवांत टेकला.

संध्याकाळी अजान झाली. तोवर टँकरचं उरलेलं पाणीही संपलं होतं. मिस्त्रींनी खजूर तोंडात टाकला आणि तो नुसताच घोळवत बसले.

"पाणी काहून पेत नाई गा?" पुंजारामने विचारलं. "तुही बाटली कुठं गेली?"

"पिंपात. थोडं कमी पडत होतं."

पुंजारामचे डोळे भरून आले. रिकामा तांब्या उचलून तो शेजारच्या गिरणीकडे अनवाणीच पळत सुटला.