लायनीवरचं सासर

लग्नाआधी मला एक सासर होतं. हे वाक्य आमच्या घरात म्हटलं की सुना एकमेकींकडं बघतात आणि थोरला मुलगा मुकाट्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवतो. त्यांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही. म्हणून एकदाचं लिहूनच ठेवते.

सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं धरा. मी तेवीस वर्षांची, वेळापूरजवळच्या एका खेड्यातली, सोलापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले. राहायला मामाकडं. पहिले सहा महिने शिकाऊ. ते संपले की पुण्याहून साहेब येणार, शेजारी बसून माझं काम ऐकणार आणि कायम करायचं का घरी पाठवायचं ते ठरवणार. इकडं गावाकडं मावशीनं एक स्थळ अगदी तयार ठेवलेलं. माणसं चांगली होती, पण सुनेनं नोकरी करायची नाही ही त्यांची अट. म्हणजे साहेबांनी नापास केलं की मी एस.टी.तून उतरायची ती थेट बोहल्यावरच. मला ती नोकरी पाहिजे होती. का, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं, पण पाहिजे म्हणजे पाहिजे होती.

अडचण एकच. मला बोलता यायचं नाही. माणसासमोर बोलायचे, पण कानाला हेडफोन लागला की जीभ टाळूला चिकटायची. एखादा चादर कारखानदार विचारायचा, "बाई, माझ्या मुंबईच्या कॉलचं काय झालं?" आणि मी नुसती मान हलवायची. मान हलवलेली मुंबईच्या कॉलला ऐकू जात नाही, असं सुपरवायझर बाईंनी मला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांनी समजावलं नाही, वहीत काहीतरी लिहिलं.

हल्लीच्या पोरांना ट्रंक कॉल ठाऊक नाही. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर नोंदवायचा आणि मग वाट बघत बसायचं. आम्ही बोर्डासमोर ओळीनं बसायचो. दिवा लागला की दोरी खुपसायची, पलीकडच्या गावची ऑपरेटर बोलायची, आम्ही गावाला गाव जोडून द्यायचो. एकमेकींची नावं कुणी विचारायचं नाही. मी सोलापूर, ती बार्शी, ती मंगळवेढा. माझ्या जागेवर बार्शी, मंगळवेढा आणि अक्कलकोट अशा तीन लायनी यायच्या.

दुपारी दोन ते चार सोलापूरचा व्यापारी जेवून आडवा होतो. त्याला उन्हात मुंबईशी काही बोलायचं नसतं. तेव्हा लायनी मोकळ्या असायच्या. अशाच एका दुपारी बार्शीचा दिवा लागला.

"नवी का गं?" पलीकडून आवाज आला. भरदार, जड, कमरेवर हात ठेवून बोलल्यागत.

"व्हय."

"मग उंबरा ओलांडून आत आलीस, पाया कुणाच्या पडलीस?"

मला वाटलं हा खात्याचाच काहीतरी नियम असेल. मी खरं तेच सांगितलं, "हितं उंबरा न्हाय. जिना हाय."

मंगळवेढ्याची लायनही माझ्याकडून चुकून जोडलेलीच राहिली होती. मग मंगळवेढा खुदकन हसली आणि तिनंच मला समजावून सांगितलं. माझ्या जागेवर आधी जी होती तिची बदली झाली होती, आणि ती धाकटी सून होती. कुणाची? बार्शीची. बार्शी सासू, मंगळवेढा थोरली जाऊ, अक्कलकोट नणंद. तिघींचं मिळून एक घर होतं. दुपारी सोलापूरनं तिन्ही लायनी एकत्र जोडून दिल्या की ते घर उघडायचं. एकत्र कशा जोडायच्या त्याची एक युक्ती होती. ती मी इथं सांगणार नाही, माझी पेन्शन अजून चालू आहे.

घर कुठं होतं? कुठंच नव्हतं. पण त्यात चार खोल्या होत्या, मागं विहीर, दोन म्हशी, एक कोठी, आणि कोठीची किल्ली सासूच्या कमरेला. नवरे सगळ्यांनाच होते, पण ते कायम शेतावर. मी त्या घरात पाच महिने नांदले, एकदाही माझा नवरा जेवायला आला नाही. विचारलं तर आत्याबाई, म्हणजे सासू, म्हणायच्या, "पेरणी चालूय." उन्हाळ्यातसुद्धा पेरणी.

नव्या सुनेला पहिल्यांदा काही मिळत नाही. तिनं दळायचं, पाणी भरायचं, शेण काढायचं. ते सगळं तोंडानं करायचं, म्हणजे बोलून. मी म्हणायचे, "भाकरी केल्या." की बार्शीवरून यायचं, "कशाच्या? काल म्हणालीस, पीठ संपलं. आज दळण कधी केलंस?" त्या बाईच्या सगळं ध्यानात असायचं. सोमवारी ठेवलेली घागर गुरुवारी कुठं असेल ते ती सांगायची. चूल पेटवायच्या आधी लाकडं आणायची, लाकडं आणायच्या आधी आत्याबाईंना विचारायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मंगळवेढा मधूनच हळूच सुचवायची, "जाऊबाई, राख काढली नाही अजून," आणि अक्कलकोटची नणंद ते जाऊन सासूला सांगायची. पकडली गेली की ती कानडीत शिरायची, मग तिला कुणी काही म्हणू शकायचं नाही.

एकदा मी साप्ताहिक सुट्टीला गावी गेले. परत येऊन लायन जोडते तर घरात सुतकी शांतता. म्हणे, धाकटी म्हशीला पाणी न पाजता निघून गेली, म्हैस आटली. मी म्हटलं, अहो मी सुट्टीवर होते. आत्याबाई म्हणाल्या, "म्हशीला कुठं सुट्टी असते?" संध्याकाळी मामीनं विचारलं, जेवत का नाहीस? मी म्हटलं, म्हैस आटली. मामी पोळी लाटायची थांबली. "कुणाची?" मला रडू फुटलं. आता हसू येतं, पण तेव्हा मला ती म्हैस खरोखर लागून राहिली होती.

पण एक झालं. मी बोलायला लागले. सासूपुढं गप्प बसलं तर आळशी, पुटपुटलं तर मनात काळंबेरं, म्हणून सगळं स्वच्छ, एका दमात आणि क्रमानं सांगायची सवय लागली. तीच सवय कामात उतरली. चादर कारखानदाराला मी आता खणखणीत उत्तर द्यायचे. एकदा फक्त घोटाळा झाला. त्यानं विचारलं, कॉल किती वेळात लागेल? मी म्हणून गेले, "सासूबाईंना विचारून सांगते." ते गृहस्थ जुने, समजूतदार. म्हणाले, "विचारा की. पण जरा लवकर विचारा, मला तीनच्या आत बोलायचंय."

आणखी एक सवय लागली, ती वाईट. बार्शीचा दिवा लागला की माझा हात आपोआप पदराकडं जायचा. हेडफोनवरून डोक्यावर पदर घ्यायचा आणि जागेवरून अर्धं उठायचं. सासू आली म्हटल्यावर सून बसून कशी राहील? सुपरवायझर बाईंनी विचारलं, पंख्याचा वारा लागतो का? मी म्हटलं, लागतो. त्यांनी पंखा दुसऱ्या बाजूला वळवला, आणि मे महिनाभर मी घामानं भिजत बसले.

मग पुण्याचे साहेब आले. आदल्या दुपारीच आत्याबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "उद्या घराला कुलूप. कुणी दार वाजवायचं नाही. धाकटीचं भलं व्हायचंय." साहेब माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, दुसरा हेडफोन कानाला लावला, माझा अर्ज समोर उघडून ठेवला. पहिले दोन तास माझं काम बिनचूक झालं. साहेब एकदा तर हं म्हणाले.

आणि बार्शीचा दिवा लागला. खेळाचा नव्हे, कामाचा. "सोलापूर, बार्शी बोलतेय. एक अर्जंट आहे, लिहून घ्या." आवाज कोरडा, अगदी सरकारी. त्या बिचारीची काही चूक नव्हती. पण माझा हात गेला, पदर डोक्यावर आला, मी खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "सांगा, आत्याबाई."

साहेबांनी माझ्या पदराकडं बघितलं. "आत्याबाई कोण?"

मी इतकी घाबरले की म्हणून बसले, "सासूबाई आहेत."

साहेबांनी समोरचा अर्ज वाचला. त्यात अविवाहित लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. त्यांनी तो कागद माझ्यापुढं सरकवला आणि नुसतं बोट ठेवलं. माझ्या डोळ्यांपुढं मावशीचं स्थळ उभं राहिलं. पाच महिन्यांत शिकलेलं सगळं बोलणं कुठं गेलं कोण जाणे.

लायन उघडीच होती. बार्शी सगळं ऐकत होती. "साहेब," ती म्हणाली, "ती मुलगी नवी आहे. दुपारी लायनी मोकळ्या असल्या की आम्ही घर घर खेळतो. खेळ मी काढला, तिला मीच ओढलं. ती नाही म्हणाली असती, पण तिला नाही म्हणता येत नाही. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." आणि तिनं आपलं नाव, वडलांचं नाव, आडनाव आणि नोकरीचा नंबर सांगितला, सावकाश, लिहून घेता येईल असा. साहेबांनी लिहून घेतला. मग ती म्हणाली, "आता तो अर्जंट घेता का? पार्टी खोळंबलीय."

मी कायम झाले. शेऱ्यात होतं, आवाज स्पष्ट, काम चोख. मी पेढे आणले, सगळ्या बोर्डाला वाटले, सुपरवायझर बाईंना दोन दिले. दुसऱ्या आठवड्यात बार्शीचा दिवा लागला तर पलीकडं पुरुषाचा आवाज. मंगळवेढ्याला विचारलं. ती कामापुरतं बोलली आणि शेवटी म्हणाली, "त्यांना मेमो मिळाला. बोर्डावरून काढून तारेच्या खिडकीवर बसवलंय. तू पेढे वाटलेस म्हणे." मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. तिनं ज्यावर पाणी सोडलं त्यावर मी पेढे वाटले होते.

सुट्टीच्या दिवशी मी बार्शीची एस.टी. धरली. हात हलवत कसं जायचं म्हणून आत्याबाईंसाठी एक इरकली लुगडं घेतलं, नऊवारी, गडद रंगाचं, वयाला शोभेल असं. पन्नाशीच्या असतील, अंगानं भारी, कपाळाला मोठं कुंकू. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ करत होते. चुकले, पदरात घ्या, वगैरे.

तारेच्या खिडकीत दोन वेण्या घातलेली एक किडकिडीत पोरगी पेन्सिलीनं शब्द मोजत होती. मी विचारलं, "आधी बोर्डावर होत्या त्या बाई कुठं भेटतील? थोरल्या?"

पोरीनं मान वर केली. "धाकटे," ती म्हणाली, "तू?"

आवाज तोच. फक्त तो त्या अंगात मावत नव्हता. तिची वीससुद्धा पुरी झाली नसावीत. लुगड्याची पिशवी मी पाठीमागं लपवली. पाठ केलेलं सगळं विसरले. ती मात्र इकडं तिकडं बघून खिडकीजवळ वाकली आणि पहिल्यांदाच मला ताई म्हणाली. "ताई, मी घरी सांगितलेलंच नाही. अण्णांना वाटतंय मी बोर्डावरच आहे. येईल त्याला सांगतात, माझी लेक मुंबईशी बोलते. आता कसं सांगू?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांपुढं जिचा आवाज हलला नाही ती ही.

मी म्हटलं, "तुमी नका सांगू. मी सांगते."

तिची पाळी संपेपर्यंत मी बाकावर बसून राहिले. मग तिच्याबरोबर घरी गेले. अण्णा शिंपीकाम करायचे, ओसरीवर मशीन चालू होतं. मला बघून त्यांनी पाय थांबवला. "कोण म्हणायचं आपण?"

मी तोंड उघडलं, आणि निघालं ते हेच. "मी ह्यांची सून."

मग मला सगळंच सांगावं लागलं. घर, विहीर, म्हैस, साहेब, माझा पदर, मेमो, पेढेसुद्धा. मुलगी दाराला टेकून खाली मान घालून उभी. अण्णा कापडावरून हात फिरवत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "सासू म्हणून कशी होती?"

"लई कडक," मी म्हटलं.

"आणि साहेबांपुढं खोटं बोलली नाही?"

"न्हाय. माझ्यासाठी खरं बोलली."

अण्णांनी कापडाची घडी घालून बाजूला ठेवली. मग मुलीकडं न बघताच म्हणाले, "उभी काय राहिलीस? चहा टाक. सून एवढ्या लांबून आलीय."

सासूनं चहा केला, आणि मी बसून प्याले.