नथ घेऊन लॅपटॉप बघायला

बारावीचा निकाल लागला, कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आमच्या घरी लॅपटॉप घ्यायचं ठरलं. माझ्यासाठी, असं मला वाटत होतं. पण आमच्या घरात एखादी वस्तू एकाच माणसासाठी घेतली गेल्याचं मला आठवत नाही. बाबांना त्यावर क्रिकेट आणि मराठी नाटकं बघायची होती, कारण जबलपुरात नाटक बघायचं म्हणजे वर्षातून एकदा गणेशोत्सवात. आईला त्यावर तिचं दुकान मांडायचं होतं. मला फक्त हलका लॅपटॉप हवा होता. रोज ऑटोत कोंबून घेऊन मीच जाणार होते ना!

आईचं दुकान म्हणजे नथी. सराफ्यातून मोती आणि तार आणायची, खिडकीशी बसून मोती ओवायचे. आधी गावातल्याच मराठी घरांतून मागणी असे, मग फोनवर फोटो पाठवून इंदूर-भोपाळपर्यंत नथी जाऊ लागल्या. सगळं छान चाललं होतं आणि इंदूरची एक नथ परत आली. सोबत निरोप होता, "फोटोत मोती गुलाबी होते, हे तर साबुदाण्यासारखे पांढरे निघाले."

साबुदाणा! आई चार दिवस धड जेवली नाही. ती नथ तिने एका स्टीलच्या डबीत टाकली, डबी कपाटात गेली आणि तिने जाहीर केलं, "अजून एक परत आली ना, की दुकान बंद. मला काय हौस नाही लोकांचं ऐकून घ्यायची." हे ती रागाने म्हणाली असती तर मी घाबरले नसते. ती अगदी शांतपणे भाजी चिरत म्हणाली, म्हणून मला भीती वाटली. नथ करताना ती गुणगुणायची. ते गुणगुणणं बंद झालं तर घराला घरपण कसलं उरणार, असं मला खरंच वाटलं.

दोष फोनचा आहे, असा तिचा निष्कर्ष होता. फोनला रंगच कळत नाही. लॅपटॉपवर फोटो नीट बघून, पारखून मग गिऱ्हाइकाला पाठवायचा. म्हणून लॅपटॉप असा हवा, की ज्यात मोती मोत्यासारखा दिसेल.

आम्ही तिघं निघालो. तीन तिघाडा, काम बिघाडा हे मी निघतानाच म्हणाले होते, पण माझं कोण ऐकतं? माझ्याकडे पेनड्राइव्हमध्ये नथीचे फोटो होते. आईच्या पर्समध्ये सराफ्यातल्या गुलाबी कागदाच्या पुडीत तीच परत आलेली नथ होती. बाबांकडे काही नव्हतं, त्यांची बोटं पुरेशी होती.

बाबांची पद्धत अशी, की माठ असो, कढई असो, वस्तू वाजवून घ्यायची. पहिल्याच दुकानात त्यांनी एका सडपातळ, सुंदर लॅपटॉपवर टिचकी मारली आणि कान लावला. "पोकळ आहे," ते मला म्हणाले. दुकानदार धावत आला. "अंकल जी, ठोकिए मत!" तो लॅपटॉप हातात घेऊन बाबांनी तोललाही. "यात काही आहेच नाही. हा कशाला घेऊन राहिली तू?" नेमका मला तोच हवा होता.

मग आईची पाळी. मी फोटो उघडायचा, तिने पुडीतून नथ काढून पडद्याला चिकटवून धरायची, डोळे बारीक करून एकदा इकडे, एकदा तिकडे बघायचं आणि मान हलवायची. "गुलाबी दिसून राहिले. नको." दुसऱ्या लॅपटॉपवर गुलाबी. तिसऱ्यावर गुलाबी. दुकान बदललं, मोती गुलाबीच. दुसऱ्या दुकानातली गिऱ्हाइकं आपापली खरेदी सोडून आमच्याकडे बघायला लागली. एक बाई तर नथीचाच भाव विचारून गेल्या. लाजेने माझा जीव अर्धा झाला होता.

तिसऱ्या दुकानातला भैया मात्र चिवट निघाला. त्याचाही लॅपटॉप आईने नापास केला, तेव्हा तो म्हणाला, "आंटी जी, स्क्रीन झूठ नहीं बोल रही. आप एक फोटो अभी, यहीं खींच लीजिए." समोर नव्या लॅपटॉपचं खोकं उघडं पडलं होतं, त्यातल्या थर्माकोलवर त्याने नथ ठेवायला लावली. मी फोनने फोटो काढला, लॅपटॉपवर टाकला. आईने नथ उचलून पडद्याजवळ धरली.

मोती जसेच्या तसे. पांढऱ्यात किंचित साईचा रंग, अगदी तिच्या हातातल्यासारखे.

आई थर्माकोलकडे बघत राहिली. मग तिने मूठ उघडली. मुठीत तो गुलाबी कागद चुरगळलेला होता. घरी प्रत्येक नथीचा फोटो ती त्याच कागदावर ठेवून काढत असे. दागिना गुलाबी कागदातच शोभतो, सराफ तसाच देतो, तिच्या आईलाही तसाच मिळाला होता. आणि तो कागद मुकाट्याने मोत्यांत आपला रंग सांडत होता.

"अगं बाई," आई म्हणाली, "साबुदाणाच आहे की हो माझा! गुलाबी तर हा कागद आहे!" आणि ती हसायला लागली. भर दुकानात, काउंटरला धरून.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणाले. "बिचाऱ्या इतक्या लॅपटॉपला काहून नावं ठेवली?"

"तुम्ही नका बोलू. टिचक्या मारत कोण फिरून राहिलं होतं?"

रंगाचा प्रश्न मिटला, म्हणजे आता हलका घेता येईल, असा माझा हिशेब होता. पण आईने त्याच भैयाकडचा घ्यायचं ठरवलं, आणि बाबांनी त्याच्याकडचा सगळ्यात जड निवडला. आवाजही मोठा होता म्हणे. पुढची तीन वर्षं माझा उजवा खांदा दुखला, त्याचं श्रेय या दोघांना.

लॅपटॉपच्या पडद्यावर आईने थर्माकोलवरच्या नथीचा फोटो लावायला सांगितला. मी दर आठवड्याला तिथे डोंगर लावायचे आणि बाबा नाटक बघायला बसले की आई त्यांच्याकडून परत नथ लावून घ्यायची. शेवटी मी नाद सोडला. त्यामुळे कॉलेजात माझ्या पहिल्या प्रेझेंटेशनच्या दिवशी प्रोजेक्टर सुरू झाला आणि वर्गाच्या अख्ख्या भिंतीवर नथ उगवली. पोरं खो खो हसली. मला धरणी दुभंगावी असं झालं.

तास संपल्यावर जवळच्या पनागर गावाहून येणारी एक मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या घरी मराठी समजायची सगळ्यांना, बोलायची फक्त आजी. "ये नथ है ना? मेरी आजी की थी ऐसी, खो गई. कहाँ मिलेगी?"

घरी सांगितलं तर आईने पहिला प्रश्न विचारला, "भिंतीवर मोती कसे दिसले?"

"पिवळे. प्रोजेक्टर जुना आहे."

"मग फोटोवर नको विकू. आधी हातात घेऊन पाहू दे तिच्या आजीला." आणि तिने कपाटातून ती स्टीलची डबी काढली. नथ पुन्हा गुलाबी कागदात बांधली. फोटोला चालत नाही, द्यायला चालतो, असं तिचं म्हणणं.

नथ पनागरला गेली. त्यानंतर मी कॉलेजातून आले की आई चहा ओतता ओतता विचारायची, "परत आली का?" तोंड हसरं असायचं, पण विचारून झाल्यावर ती माझ्याकडे बघायची नाही. मीही त्या मुलीला विचारायला घाबरत होते.

शेवटी तीच म्हणाली, "सॉरी यार, आजी वापस ही नहीं कर रहीं. पहन के बैठी हैं, आईना भी नहीं छोड़तीं."

मी त्या दिवशी ऑटोतून उतरून, जड बॅग खांद्यावर घेऊन घरापर्यंत जवळजवळ पळत गेले. आईने सगळं ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, "साबुदाणा नाही ना म्हणाल्या?"

"नाही गं आई. काढतच नाहीयेत त्या."

आईने पदराने डोळे पुसले, कपाटातली रिकामी डबी काढली आणि मोती-तार घेऊन खिडकीशी जाऊन बसली. थोड्या वेळाने आतून तिचं गुणगुणणं ऐकू आलं, आणि बाबांनी नाटकाचा आवाज कमी केला.