फोन कोण ठेवतं?

बिघाड माझ्यासमोर व्हायला लाजतो. गिऱ्हाईक सांगतं, रोज बंद पडतंय. मी जाऊन बसलो की यंत्र गुणी बाळ होतं, आणि मी घरी येऊन गाडी स्टँडला लावतो न लावतो तोच फोन, "पडलं बघा पुन्हा!" अशा वेळी त्या यंत्राला एक ठेवून द्यावीशी वाटते. मुळात मी धीराचा माणूस नाही. जेवताना माझा पाय हलतो, विचार करताना हातातलं पेन टेबलावर वाजतं. अशा माणसानं तासन्‌तास डब्यासमोर बसायचा धंदा पत्करला, याची घरच्यांना फार गंमत वाटायची.

दोन हजारनंतरची ती वर्षं. शाहूपुरीत पंपांचे सुटे भाग विकणारं एक दुकान होतं. मागच्या खोलीत मालक बसायचे आणि माल जयसिंगपूरच्या गोडाऊनमध्ये असायचा. दोन्हीकडं आमच्या कंपनीनं एकेक व्हॉइस गेटवे बसवला होता. दिसायला साधा डबा. इकडच्या बोलण्याचे बारीक तुकडे करून तो लाइनवर सोडतो, आणि पलीकडचा डबा ते जोडून ऐकवतो. त्या तुकड्यांना आम्ही पॅकेट म्हणतो. फोनचं बिल कमी येणार म्हणून मालक खूश होते. ती खुशी काही फार टिकली नाही, कारण जयसिंगपूरचे फोन मध्येच तुटायला लागले.

फोन तुटण्याचं कारण मालकांना आधीच ठाऊक होतं. गोडाऊनमध्ये फोनवर एक बाई बसायच्या, त्यांच्यावर मालकांचा दात.

"मशीनला काय बी झालेलं न्हाय," मालक मला म्हणाले. "मी म्हणतो, मॅनेजरला बोलवा, की ही बाई माझ्या तोंडावर फोन ठिवती. म्हणून इचारलं, बाई, तुमी फोन ठिवलासा काय? तर म्हणती, व्हय, ठिवला की! वर तोंड करून!"

पहिल्या तारखेपासून त्या जागी नवीन मुलगी यायची होती. "तरी बी एकदा मशीन बघून या. उगं अन्याय नको," असं ते म्हणाले. त्यांचा हा हळू आवाजसुद्धा रस्त्यापर्यंत ऐकू गेला असणार.

जयसिंगपूरच्या गोडाऊनमध्ये पुढं एक खोली, मध्ये मोठं आवार आणि पार मागं शेड. मॅनेजर शेडमध्ये मालाजवळ असायचे. पुढच्या खोलीत टेबल, फोन आणि बाई. चाळिशीच्या, तुटक बोलणाऱ्या. मी त्यांना मावशी म्हटलं, त्यांनी मला दादा म्हटलं. मी डब्याला लॅपटॉप जोडला आणि येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट पकडून ठेवायला लावलं. फोन तुटतो तेव्हा कुठला तरी एक डबा दुसऱ्याला 'संपलं' असा निरोप धाडतो. तो कुणी धाडला ते यात दिसतं. पोरांच्या मारामारीत पहिला हात कुणी उचलला ते शोधावं, तसलंच काम.

पण फोन तुटेनाच. मालकांचा फोन यायचा, बाई आवार ओलांडून मॅनेजरना बोलवायला जायच्या, मॅनेजर सावकाश येऊन बोलायचे आणि सगळं व्यवस्थित व्हायचं. मी त्या टेबलाला टेकून पडद्याकडं डोळे लावून बसलेलो. दुसऱ्या दिवशीही तेच. मालक माझ्या मोबाइलवर विचारायचे, "सापडलं काय?" आणि मी म्हणायचो, बघतोय. माझी नुसती तगमग चालली होती. खुर्ची टोचत होती, पंखा कुरकुरत होता, ऑफिसातली दुसरी कामं तुंबली होती. यंत्रात दोष नाही असं कळवून संध्याकाळची एसटी धरावी, असं मनात पक्कं होत आलं.

बाईंनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. "मशीन चांगलं निघालं तर मी वाईट. व्हय न्हवं, दादा?" त्या म्हणाल्या. "पोरगी बारावीला हाय. ह्या पगारावर तिचं कॉलेज चाललंय."

मला त्यांचा रागच आला. असं काही सांगितलं की माणूस अडकतो. आता तर मला बसवेचना. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला, मालकांचाच. मी तो बाईंवर सोडला आणि तडक बाहेर जाऊन समोरच्या गाड्यावर चहा मागितला.

परत आलो तर बाई रिसीव्हर हातात धरून उभ्या. चेहरा उतरलेला. शेजारी मॅनेजर.

"तुटला," बाई म्हणाल्या.

"तुटला? झकास!" मी ओरडलोच. दोघंही माझ्याकडं बघत राहिले.

पडद्यावर सगळं स्वच्छ होतं. आमच्या बाजूनं पॅकेट जायची थांबली होती. मग बराच वेळ काही नाही. आणि मग 'संपलं' हा निरोप आला होता तो शाहूपुरीहून. मालकांच्या खोलीतल्या डब्यानंच फोन तोडला होता! कुणी बोलत नसेल तर पॅकेट पाठवायचंच नाही, ही इकडच्या डब्याची काटकसर. आणि बराच वेळ पॅकेट आलं नाही तर माणूस गेला असं धरून चालायचं, हा तिकडच्या डब्याचा शहाणपणा. दोन्ही गोष्टी कारखान्यातूनच तशा आलेल्या.

मग आधीचे फोन का टिकले? मी ते काढून पाहिले. त्यांतही मॅनेजर येईपर्यंत बोलणं नव्हतंच, पण थोडी थोडी पॅकेट जात राहिली होती. कानाला हेडफोन लावून ती ऐकली. टक, टक, टकटक. माझं पेन! मी टेबलावर वाजवत होतो, डब्याला वाटत होतं कुणी बोलतंय, आणि फोन जिवंत राहत होता. जो बिघाड शोधायला आलो तो मीच दोन दिवस दाबून धरला होता. हसावं की कपाळ बडवावं, कळेना.

पण टेबलावरचं पेन फोनला ऐकू गेलं कसं? मी बाईंना विचारलं, "मावशी, मॅनेजरना बोलवा म्हटल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करतो म्हंजे? फोन ठिवतो आन बोलवाय जातो." आमच्याकडच्या बायका जातो, येतो असंच बोलतात.

"ठेवता?"

"ठिवतो की. ह्यो असा." आणि त्यांनी रिसीव्हर टेबलावर, कागदांच्या शेजारी, हळूच आडवा ठेवला.

साध्या टेलिफोनच्या काळापासून त्या हेच करत आल्या होत्या, आणि तेव्हा लाइन वाट पाहायची. मालकांनी विचारलं, फोन ठेवला का? त्यांनी खरं ते सांगितलं, ठेवला. त्या एका शब्दापायी बाई गुन्हा कबूल करून बसल्या होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी लॅपटॉपवरूनच इकडच्या आणि तिकडच्या, दोन्ही डब्यांतल्या त्या खोडी बंद केल्या आणि तिथूनच मालकांना फोन लावून सगळं सांगितलं. बाई टेबलाच्या पलीकडं उभ्या होत्या. मालकांचा आवाज असा की त्यांना वेगळं ऐकवायची गरज नव्हती.

"आवो, मग बाईनं तसं सांगायचं न्हाय व्हय आदी?"

बाईंनी माझ्याकडं हात पुढं केला. मी रिसीव्हर दिला.

"मालक, सांगितलं हुतं की," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ठिवला म्हणलं. कुठं ठिवला, एवढं तुमी इचारायचं हुतं."

पलीकडं घसा खाकरल्याचा आवाज. "बरं बरं. ऱ्हावा कामावर. ती नवी पोरगी येत न्हाय म्हणून सांगतो. आन हे बघा बाई, पुन्यांदा..."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि मालकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी फोन जागेवर ठेवला.