डाग न दिसणारा मेहुणा

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला दाजी म्हणत. खरं तर दाजी तो एकाचाच, तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या मेहुण्याचा. पण हा मेहुणा दिवसभर 'दाजी, दाजी' करून हॉल असा डोक्यावर घेई, की मालकांच्याही तोंडी तेच बसलं. दाजी म्हणजे इस्त्रीच्या रोलरवर उभं आयुष्य गेलेला माणूस, जिभेवर खडीसाखर आणि शब्दाचा पक्का. दाजी म्हणाला ना, मग झालं तर!

धंदा वाढवायचा म्हणून मालकांनी एक सल्लागार आणला. त्याने फळ्यावर एका टोकाला 'आज' लिहिलं, दुसऱ्या टोकाला 'उद्या', आणि मधल्या मोकळ्या जागेवर खडू आपटत म्हणाला, "इथे काय कमी पडतंय, ते मोकळेपणाने सांगा." झालं! सगळ्या हॉलची दातखीळ बसली.

मालकांनी दाजीला बाजूला घेतलं. "तुझं ऐकतात. बोलतं कर त्यांना. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

दाजी हुरळला. जेवणाच्या सुट्टीत जो तो डबा उघडतोय, आणि हा आपला समजावत फिरतोय. मेहुण्याने हळूच विचारलं, "दाजी, माझंही सांगू?"

गेल्या वर्षापासून त्याला फिके डाग दिसत नव्हते. शेजारी बसणारी मावशी त्याच्या चादरी गुपचूप पुन्हा बघून घ्यायची. हॉलला हे ठाऊक होतं, मालकांना नव्हतं.

"तूच आधी सांग. चांगला दिवा देतील, चष्मा देतील."

"नक्की?"

"अरे, मी आहे ना!"

मेहुण्याने फळ्यासमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं. सल्लागाराने टाळ्या वाजवायला लावल्या, आणि सर्वांत जोरात वाजवल्या त्या दाजीने.

'उद्या' उजाडला तो डाग टिपणारं कॅमेऱ्याचं मशीन घेऊन. मेहुणा आणि मावशी, दोघेही घरी बसले. दाजी मशीनचा मुकादम झाला.

"साहेब, तुम्ही शब्द दिला होता," तो मालकांना म्हणाला.

"अरे, पण त्यानेच तर सांगितलं! कळल्यावर ठेवायचं कसं?"

घरी बायकोने ताट पुढे सरकवलं. "मी भावाला विचारलं, का रे बाबा बोललास? म्हणे, दाजी म्हणाले म्हणून." पुढे ती पाणी द्यायलाही आली नाही.

सल्लागार पुन्हा आला. पुन्हा फळा, पुन्हा तोच प्रश्न. दुमडलेल्या काठातले डाग मशीनला सापडत नव्हते, आणि हे रोलरवरच्या प्रत्येकाने पाहिलं होतं. दाजी एकेकाकडे गेला.

"बोला की. काय कमी आहे?"

"काही नाही, मुकादमसाहेब. सगळं झकास!"

समोरून एक चादर काठातला तपकिरी डाग मिरवत गठ्ठ्यात जाऊन पडली. सल्लागाराने खडू उचलला. "आणि तुमचं काय, दाजी?"

दाजीने चादरीवरची नजर काढून घेतली. "सगळं झकास, साहेब."