चिवड्याच्या बरणीतला अंतराळवीर

गेल्या दिवाळीत माझं डोकं दीड तास चिवड्याच्या बरणीत होतं.

मी दारू पीत नाही. कुणाशी पैजही लावली नव्हती. झालं असं, की आमच्या गुरुग्रामच्या मराठी मंडळाने स्नेहसंमेलनासाठी पाच मिनिटांच्या फिल्मची स्पर्धा ठेवली. आमच्या कन्येने, इराने (वय तेरा, जन्म दिल्लीचा, मराठी गरजेपुरतं), लगेच जाहीर केलं की आपण जुन्या अंतराळपटांची टर उडवायची, आणि तीही फराळाचे पदार्थ घेऊन. कथा जोरदार होती. चकल्या म्हणजे उडत्या तबकड्या, त्या पृथ्वीवर चाल करून येतात. बेसनाचे लाडू म्हणजे ग्रह. शंकरपाळे म्हणजे उल्कापात. (हा शब्द मी सुचवला होता. "वो क्या होता है, बाबा?" असं विचारून तिने तो रद्द केला.)

"आणि अंतराळवीर कोण?"

"तू! पण अ‍ॅक्टिंग नको करू हं. कॅप्टन नुसता काचेतून बघत राहतो. तुला बिल्कुल जमेल."

काच म्हणून निवडली गेली ती पाच किलो चिवड्याची प्लास्टिकची बरणी. माझी बायको मंजिरी तत्त्वाची पक्की. "आधी भोकं, मग डोकं," ती म्हणाली आणि तापलेल्या सळईने बरणीच्या बुडाला दहा-बारा भोकं पाडली. आज मी हे लिहितोय ते त्या भोकांमुळे!

डोकं आत घालताना कान जरा दुमडले, एवढंच. शूटिंग झकास झालं. दिवाणखान्यात दोऱ्यांना टांगलेल्या चकल्या गरगरत होत्या, इरा टेबल फॅनसमोरून शंकरपाळे उधळत होती, आणि मी शून्यात बघत होतो. शून्यात बघण्याचा मला ऑफिसात वीस वर्षांचा सराव आहे.

"कट! बाबा, काढ आता."

मी बरणी वर ओढली. ती कानांपर्यंत आली आणि थांबली. पुन्हा ओढली. कान थांबले, बरणी थांबली, मीही थांबलो.

"नाटकं नकोत, विनय," मंजिरी म्हणाली.

"नाटक नाहीये! अडकलंय!" मी ओरडलो. बाहेर ते कसं ऐकू गेलं माहीत नाही, पण आत मी स्वतःच्याच आवाजाने दचकलो.

मग साबण झाला. मग खोबरेल झालं. मंजिरीने बरणी धरली, इराने माझे पाय धरले आणि दोघींनी मला रस्सीखेचीसारखं ओढलं. माझी उंची वाढली असावी, बरणी निघाली नाही. शेवटी इरा शेजारच्या चौधरीजींना घेऊन आली. ते मानेसरच्या मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. एका हातात सरसोंचं तेल, दुसऱ्या हातात करवत!

"चिंता ना करो जी। तीस साल पुर्जे काटे हैं।"

"पण मी पुर्जा नाहीये!" मी मराठीतच किंचाळलो आणि पळालो. वाफेने काच धुरकट झालेली, समोरचं काही दिसेना. मी थेट चकल्यांच्या दोऱ्यांत घुसलो. दोरे तुटले, चकल्या खाली, चकल्यांवर लाडू, लाडवांवर मी. सगळी सूर्यमालाच भुईसपाट!

तेव्हा मंजिरीने ठरवलं, हॉस्पिटल.

चौधरीजींनी गाडी काढली. गेटवर गार्डने खिडकीतून डोकावून विचारलं, "ये साहब किस फ्लैट में आए थे?" मी त्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्याच्या पगाराच्या चेकवर सही माझी असते. पण बरणीतून अधिकार गाजवता येत नाही.

सिग्नलला लोक फोटो काढत होते. मला मात्र आता हसू येईना. भोकं बारीक, श्वास गरम. तेवढ्यात इराने माझा हात घट्ट धरला.

"बाबा, सॉरी यार. मला फिल्म नको. मला तू पाहिजे."

मी तिचा हात दाबला. बोललो असतो तर रडलो असतो.

हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता सांगितलं, "सिर फंसा है? बच्चों का विभाग, दूसरी मंजिल।"

"मैं सैंतालीस साल का हूं!"

"सर, ऐसे केस वहीं आते हैं। उनको प्रैक्टिस है।"

दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवरच्या हत्ती-जिराफांखाली, मी एका पिटुकल्या खुर्चीत बसलो. शेजारी एक मुलगी नाकात वाटाणा घालून आली होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिचं रडू थांबलं. आपल्यापेक्षा वाईट अवस्था बघून माणसाला धीर येतो.

सिस्टर आल्या. त्यांनी ओढलं नाही, कापलं नाही. फक्त वाकून आत पाहिलं.

"चश्मा क्यों नहीं निकाला?"

चष्म्याच्या दांड्या कानांमागून बाहेर आलेल्या, बरणीच्या काठात त्याच रुतत होत्या. एवढा वेळ तिघांनी मिळून ओढाताण केली, आणि मी चष्मा लावलाय हे कुणाच्या, मुख्य म्हणजे माझ्या, लक्षात आलं नाही! सिस्टरांनी बरणीच्या काठाखालून एक लांब काडी घातली, चष्मा अलगद कपाळावर ढकलला, बरणी जराशी फिरवली आणि... पक्! ती निघाली!

हवा! गार, औषधांच्या वासाची, सुंदर हवा! इरा गळ्यात पडली, मंजिरी हसता हसता डोळे पुसायला लागली, चौधरीजींनी मला उचललंच. आणि मी सुटकेने असा हुंदका दिला, की वाटाणावालीची आईसुद्धा दचकली.

डॉक्टरांनी कान तपासून "सब ठीक है" म्हटलं. निघताना सिस्टरांनी, तिथल्या रिवाजाप्रमाणे, माझ्या शर्टावर एक चकचकीत चांदणी चिकटवली. खाली लिहिलं होतं, 'मैं बिल्कुल नहीं रोया।'

मी छाती पुढे काढली. तेवढ्यात वाटाणावालीने बोट दाखवलं.

"सिस्टर, अंकल तो रोए थे!"

सिस्टरांनी चांदणी काढून तिला लावली.