सुमनकाकूंनी बुजवलेली भेग

"गेले ते. दोनदा पोहे घेतले नं," सुमनकाकू दारातच म्हणाल्या.

बँकेचा माणूस येण्याआधी पोचायचं म्हणून मी जेवण सोडून धावत आलो होतो. तो माझ्याही आधी येऊन, बघून, खाऊन गेला होता.

मी टेक्ससमधल्या फ्रिस्कोत रिअल्टर आहे, म्हणजे लोकांची घरं विकतो. आधी आयटीत होतो. ले-ऑफ झाल्यावर बायको म्हणाली, "बोलायची एवढी हौस आहे, तर त्याचे पैसे तरी घ्या." इंडियन ग्रोसरीच्या बाहेर माझी पाटी आहे. पाटीवरच्या फोटोत मला केस आहेत. लोक फोटोवर भरवसा ठेवून फोन करतात आणि मी भेटलो की माझ्या मागून आणखी कोणी येतंय का बघतात.

हे घर निखिलचं. बाजार तेजीत असताना एकेका घरासाठी रांग लागायची. लोकांनी इन्स्पेक्शन न करता, मागितलेल्या किमतीच्या वर पैसे मोजून घरं घेतली. निखिलनेही घेतलं. आता त्याच कॉलनीच्या मागे बिल्डर नवीकोरी घरं विकतोय, वर व्याजात सूट देतोय. मग वापरलेलं घर कोण बघणार? त्यात इथली माती चिकण. उन्हाळ्यात ती आकसते, पावसात फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. निखिलच्या लिव्हिंग रूममध्ये दारापासून छतापर्यंत तिरकी भेग गेली होती. घराच्या मागच्या बाजूला पाया खचल्याची ही खूण. दुरुस्तीचा खर्च ऐकला की माणूस आधी खुर्ची शोधतो.

आणि मग निखिलची नोकरी गेली. दुसरी मिळाली ती पार व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला, कमी पगाराची. बायको आणि मुलगी तिकडे मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये राहत होत्या. हा इथूनच ऑनलाइन काम करत घर विकायला मागे थांबला होता. सोबतीला अमरावतीहून आलेली आई, म्हणजे सुमनकाकू.

घर विकून जेवढे पैसे येणार होते, त्यापेक्षा कर्ज जास्त होतं. अशा वेळी बँकेला विचारायचं, बाई, येतील तेवढे घे आणि बाकीचं सोड. याला शॉर्ट सेल म्हणतात. नावात शॉर्ट असलं तरी प्रकरण महिनोन्‌महिने चालतं. बँक हो म्हणाली तर निखिलच्या क्रेडिटला लागणारा मार जरा कमी. नाही म्हणाली तर लिलाव, आणि मग अ‍ॅशबर्नमध्ये भाड्याचं घरही कोणी धड देणार नाही. टेक्ससमध्ये हे लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात. आमचा मंगळवार जवळ आला होता.

मी गिऱ्हाईक आणलं होतं. तरुण जोडपं. त्यांनी भेग बघितली, पायाच्या दुरुस्तीचा खर्च वजा केला आणि ऑफर दिली. आता बँकेचा माणूस घर बघून किंमत ठरवणार होता. त्याचा आकडा आमच्या ऑफरच्या आसपास आला की सुटलो.

मी निखिलला बजावलं होतं, "घर आहे तसं राहू दे. लपवू नकोस, सजवू नकोस."

"ओके दादा," तो म्हणाला होता.

आईला त्याने एवढंच सांगितलं, की बँकेचे साहेब घर बघायला येणार आहेत. घर विकतोय हे तिला माहीत होतं. हप्ते थकलेत हे माहीत नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, अमरावतीच्या बाईला कळलं की साहेब घर बघायला येतोय, तर ती काय करेल?

अंगणात रांगोळी होती. दाराला तोरण. ओटा असा पुसलेला की त्यात माझं टक्कल दिसलं. मी भिंतीकडे बघितलं. भेग नव्हती.

"काकू, इथली भेग?"

"बुजवली!" काकूंचा चेहरा उजळला. "गॅरेजमध्ये पुट्टीचा डबा होता. पोळीच्या उलथन्याने भरली, वरून रंग मारला. कळते का सांग बरं! त्या साहेबालाही नाही कळली. त्याने भिंतीचा फोटो काढला."

निखिल वरून मीटिंग संपवून खाली आला. त्याने भिंतीकडे बघितलं, मग आईकडे, मग माझ्याकडे.

"आई, तू कधी केलंस हे?"

"काल. तू त्या कॉम्प्युटरवर बडबडत होतास तेव्हा. का रे?"

"काही नाही," तो म्हणाला. "छान झालंय."

मी त्याच दिवशी बँकेला भेगेचे जुने फोटो आणि पायाच्या दुरुस्तीचा अंदाज पाठवला. चार दिवसांनी बँकेचा आकडा आला, आमच्या ऑफरच्या खूप वर; त्याच्या खाली बँक घर विकू देणार नव्हती. मी फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, तुमची हरकत रिव्ह्यूमध्ये आहे. मी म्हटलं, मंगळवारी लिलाव आहे. ती म्हणाली, तो विभाग वेगळा.

ते तरुण जोडपं बिल्डरकडे गेलं. त्यांना मी दोष देत नाही. त्या किमतीत मीही गेलो असतो.

मधल्या काळात काकूंनी मला शिऱ्याचा डबा पाठवला. बँकेने घराची किंमत जास्त धरली, एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं. माझ्या बायकोने डबा उघडून विचारलं, "कशाबद्दल हो?" मी म्हटलं, "माझ्या कर्तबगारीबद्दल." शिऱ्याचा डबा मी तिच्याकडे सरकवला. बायकोने संपवला.

मंगळवारी घर लिलावात गेलं. संध्याकाळी मी निखिलकडे गेलो. खोकी भरून झाली होती. अखेर त्याने आईला सगळं सांगितलं होतं. काकू जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"मंदार," त्या म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंत, तर त्याच उलथन्याने मी ती भेग मोठी करून दिली असती."

निखिल खोक्याला टेप लावत राहिला. टेप वाकडी लागली, त्याने ती काढली नाही.

अ‍ॅशबर्नच्या अपार्टमेंटने त्याचा अर्ज नाकारला. चौघंही आता मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये राहतात. काकूंनी परतीचं तिकीट स्वतःच लवकरच्या तारखेचं करून घेतलं, असं ऐकलं.

तेव्हापासून शॉर्ट सेलचं काम आलं की मी बँक, कर्ज, हप्ते हे सगळं नंतर विचारतो. आधी विचारतो, घरात आई आहे का, आणि तिला सांगितलंय का. पहिल्याचं उत्तर लगेच येतं. दुसऱ्याला समोरचा पाणी प्यायला उठतो.